लिअरचा अंगठा

गेल्या पावसाळ्यापासून आम्ही एकाच पानावर अडकलोय. आम्ही म्हणजे मी आणि घणसोली गावातली एक चित्रकार मुलगी. मी लिहितो, ती काढते. त्या पानात तसं काही घडतही नाही. ठाण्यातलं दुय्यम निबंधकाचं कार्यालय, टोकनचा नंबर पुकारला जातोय, टेबलावर वेबकॅम आणि अंगठ्याचं मशीन, समोर ऐंशी उलटलेला एक म्हातारा. मशीन त्याचा अंगठा घेत नाही. उभी हयात भातखाचरात आणि मिठागरात गेली, रेषाच झिजल्यात. क्लार्क म्हणतो, "बाबा, पुसून परत ठेवा." म्हातारा धोतराला अंगठा पुसतो, परत ठेवतो. परत लाल दिवा. तिसऱ्यांदा मशीन अंगठा घेतं.

हा शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'चा पहिला प्रवेश आहे, असं सांगितलं की ऐकणारा आधी हसतो आणि मग विचारतो, राजा कुठाय? मुकुट कुठाय? जुनी शोकांतिका आजच्या शहरात आणून चित्रांच्या चौकटींत बसवायची म्हणजे नेमकं काय करायचं, हे त्या मुकुटापासूनच समजून घेता येतं.

ज्यांना गोष्ट आठवत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. म्हातारा लिअर राज्य तीन मुलींत वाटायला काढतो, पण आधी म्हणतो, कोणाचं माझ्यावर किती प्रेम आहे ते सांगा. थोरल्या दोघी तोंड भरून सांगतात. धाकटी कॉर्डेलिया म्हणते, सांगण्यासारखं काही नाही. बाप भडकतो, तिला रिकाम्या हाताने घालवून देतो. पुढे थोरल्या दोघी त्याला एकेक पायरी खाली उतरवत शेवटी वादळात दाराबाहेर ठेवतात. कॉर्डेलिया फौज घेऊन सोडवायला येते, पकडली जाते, कैदेत तिला फाशी देतात, आणि तिचं प्रेत दोन्ही हातांवर घेऊन आलेला लिअर तिथेच प्राण सोडतो. नाटक साधारण १६०५-०६ चं. विंदा करंदीकरांनी ते 'राजा लिअर' म्हणून मराठीत आणलं. शिरवाडकरांच्या १९७० च्या 'नटसम्राट'मागे उभा असलेला म्हाताराही हाच.

'नटसम्राट'मध्ये शिरवाडकरांनी काय केलं ते बघण्यासारखं आहे. राजाचा नट केला, एवढंच आपल्या लक्षात राहतं. पण त्यांनी तीन मुलींचे एक मुलगा आणि एक मुलगी केले, कॉर्डेलिया काढूनच टाकली, आणि लिअरला जी नाटकभर कुठेच दिसत नाही ती बायको त्याला दिली. कावेरी आली आणि सगळा तोल बदलला. रूपांतर म्हणजे पात्रांना नवे कपडे शिवणं नव्हे. एक माणूस काढला की सगळं घर नव्याने लावावं लागतं.

आता शोकांतिका या शब्दाकडे येऊ. आपण तो फार सैल वापरतो. पूल कोसळला, शोकांतिका. बस दरीत गेली, शोकांतिका. या दुर्घटना आहेत. दुःख तितकंच खरं, पण नाटकातली शोकांतिका वेगळ्या गोष्टीवर उभी असते: तिथे माणूस स्वतःच्या हाताने काहीतरी करून बसतो. ॲरिस्टॉटलने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात यासाठी जो शब्द वापरला तो 'हामार्तिया', आणि त्याचा मूळ अर्थ नेम चुकणं. बाण सोडणारा दुष्ट नाही, आंधळाही नाही. नेम चुकला, आणि सुटलेला बाण परत भात्यात येत नाही. मग परिस्थिती उलटते, आणि उशिरा, फार उशिरा, त्याला कळतं की आपण काय केलं. बघणाऱ्याला दया येते आणि भीतीही वाटते, कारण त्या जागी आपणही तसंच केलं असतं. त्यातून जे होतं त्याला आपल्याकडे 'विरेचन' म्हणतात. शब्द वैद्यकातला, आणि गंमत म्हणजे ग्रीकांचा मूळ शब्दही पोट साफ करण्यापर्यंत जातो. संस्कृत नाटकाला हा प्रकार फारसा मानवला नाही. भासाच्या 'ऊरुभंगा'त दुर्योधन रंगमंचावर मरतो, हा अपवाद म्हणूनच सांगितला जातो.

तर शोकांतिका शहरात आणताना पहिला शोध मुकुटाचा घ्यायचाच नाही. परत न घेता येणारी सही शोधायची.

ही साधी गोष्ट न कळल्यामुळे बहुतेक शहरी रूपांतरं एकाच खड्ड्यात पडतात: राजाचा डॉन होतो. तलवारीच्या जागी पिस्तूल, दरबाराच्या जागी बार, झालं काम. मला त्याचा कंटाळा आलाय. डॉनचा नेम चुकला तर माझ्या पोटात काही हलत नाही, कारण मी काही खंडणी गोळा करत नाही. पण कागदावर सही मी केली आहे. तुम्हीही केली असेल.

नवी मुंबईत राज्य शोधायला लांब जावं लागलं नाही. १९७० मध्ये सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली आणि नवं शहर वसवायला ठाणे आणि रायगड, तेव्हाचा कुलाबा, या जिल्ह्यांतल्या ९५ गावांची जमीन ठरली. शेतं, मिठागरं, खाडीकाठच्या बांधबंदिस्ती, सगळं त्यात आलं. जानेवारी १९८४ मध्ये उरण भागात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालचं आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, आणि त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के योजना आली: जेवढी जमीन गेली तिच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत. इथे चहाच्या टपरीवरसुद्धा 'साडेबारा टक्के' म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. हिशेब करून बघा. ६ एकर म्हणजे २४० गुंठे. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे ३० गुंठे. त्यातून मूळ जमिनीच्या पावणेचार टक्के सार्वजनिक सोयींसाठी वजा होतात, म्हणजे ९ गुंठे. उरले २१. दोन मुलगे आणि एक लेक, सात-सात गुंठे. आमच्या लिअरचं राज्य एवढं. पण १९८४ साली तो चाळिशीत होता आणि त्या रस्त्यावर होता, म्हणून त्याच्या लेखी हे २१ गुंठे ब्रिटनच्या राज्यापेक्षा लहान नाहीत.

भूखंड बिल्डरला दिला, टॉवर उभा राहिला, वाट्याला फ्लॅट आले. हे सगळं आम्ही दोन पानांत उरकलंय. त्यात नाट्य नाही, नुसता पत्रव्यवहार आहे.

प्रेमाची परीक्षा मात्र नीट बसवावी लागली. राजा दरबारात मुलींना भाषण करायला लावतो, हे कोपरखैरण्यात कसं घडणार? उत्तर आमच्याच पंचांगात होतं. लिअर स्वतःचं वय ऐंशीच्या वर सांगतो. आपल्याकडे त्या वयात सहस्रचंद्रदर्शन करतात. मंगल कार्यालय, एलईडी पडदा, दोन्ही मुलांनी पैसे मोजून करून घेतलेला व्हिडिओ, त्यात ड्रोनमधून दिसणारी खाडी आणि मागे सनई. मग सूत्रसंचालक माईक लेकीच्या हातात देतो. ती माईककडे बघते आणि म्हणते, "काही नाही, बाबा." हॉलमधले पंखे तेवढे ऐकू येतात.

इथे माझी एक चूक त्या चित्रकार मुलीने पकडली. मी लेकीला सरळ वारसदार धरून चाललो होतो. ती म्हणाली, "दादा, आमच्याकडे बहिणी हक्कसोडवर सही करून मोकळ्या होतात. कायद्यात काहीही असू दे. तुमचा म्हातारा लेकीच्या नावाने फ्लॅट ठेवतोय हीच मोठी गोष्ट आहे, ती आधी दाखवा." खरंच होतं. २००५ च्या दुरुस्तीनंतर लेकीचा हक्क मुलाइतकाच आहे, पण घराघरात हक्कसोडपत्राचा कोरा कागद तयारच असतो. म्हणून आमचा म्हातारा सुरुवातीला गावापेक्षा चांगला माणूस आहे, आणि मग एका संध्याकाळच्या रागात गावासारखाच होतो. लेक हक्कसोडवर मुकाट सही करते.

आता पुन्हा तो अंगठा. मुलांच्या नावाने फ्लॅट करायचा तर बक्षीसपत्र लागतं. राहतं घर आई-बापांनी मुलाला दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये. वर नोंदणी फी आणि अधिभार. सिडकोची परवानगी, सोसायटीचं ना-हरकत वगैरे आधी उरकायचं, आणि मग दोन साक्षीदार घेऊन निबंधकापुढे उभं राहायचं. पण इथे लेखकासमोर मोठी पंचाईत उभी राहते. बिचाऱ्या शेक्सपिअरला ती नव्हती. आपल्याकडे आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठी २००७ चा कायदा आहे. त्यातलं कलम २३ म्हणतं, सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि नंतर सांभाळलं नाही, तर न्यायाधिकरण ते हस्तांतर रद्द ठरवू शकतं. म्हणजे लिअरला राज्य परत! मग शोकांतिका कसली? प्रांताधिकाऱ्याकडे अर्ज करा, तारीख घ्या, विषय संपला.

चार दिवस मी हात टेकून बसलो. मग लक्षात आलं की कायद्याने गोष्ट मोडली नाही, उलट नेम कुठे चुकतो ती जागा बोट ठेवून दाखवली: अट. सारा प्रवेश त्या एका शब्दावर आला. दस्त लिहिणारा विचारतो, "बाबा, सांभाळण्याची अट टाकू का? एका ओळीचं काम आहे." दोन्ही मुलं मोबाईलमध्ये बघत उभी. आणि म्हातारा छाती काढून म्हणतो, "पोटच्या पोरांना कसली अट घालता?" हे वाक्य तो प्रेमाने म्हणतो. त्यात थोडा दिमाखही आहे, चार लोकांनी ऐकावं असा. बाण सुटला.

एवढं झालं तरी हे सगळं नाटकातही करता आलं असतं. मग चित्रांच्या चौकटी कशाला?

ग्राफिक नॉव्हेल हा शब्द ऐकून बिचकायचं कारण नाही. चित्रांच्या मालिकेतून सांगितलेली, पुस्तकभर लांबीची, सलग गोष्ट. ठाण्यात मासुंदा तलावाच्या काठी गडकरी रंगायतन उभं राहिलं ते १९७८ साल. त्याच साली अमेरिकेत विल आयस्नरचं न्यूयॉर्कमधल्या एका चाळवजा इमारतीवरचं 'अ कॉन्ट्रॅक्ट विथ गॉड' आलं आणि हा शब्द रूढ व्हायला मदत झाली. पण चित्रांतून गोष्ट ही काही तिकडूनच आलेली नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर पिढ्यानपिढ्या चित्रकथी सादर करत आलेत: कागदावर रंगवलेल्या चित्रांची पोथी, एकेक चित्र समोर धरायचं आणि गात गात कथा पुढे न्यायची. बघणाऱ्यांना रामायण पाठ असतं. पुढे काय होणार हे कळायला कोणी येत नाही.

नाटकात वेळ नटाच्या हातात असते. तिसरी घंटा झाली की तुम्ही खुर्चीत अडकलात. लिअर मुलीला हाकलतोय आणि तुम्ही 'थांब' म्हणू शकत नाही, ती घुसमट हेच शोकांतिकेचं अर्धं बळ. पुस्तकात वेळ वाचकाच्या हातात जाते. तो चहा ठेवायला उठेल, दहा पानं मागे जाईल, शेवटचं पान आधी बघेल. मग अटळपणा आणायचा कुठून?

पानावर एक गोष्ट अशी जमते जी रंगमंचावर जमत नाही: सगळा काळ एकदम समोर मांडता येतो. पान उघडलं की पहिली चौकट आणि नववी चौकट एकाच वेळी डोळ्यात शिरतात. आधी काय, नंतर काय हे आपण क्रमाने वाचतो, पण शेवट कोपऱ्यातून आपल्याकडे बघतच असतो. अंगठ्याच्या पानात तीन ओळी, ओळीला तीन चौकटी, सगळ्या सारख्या मापाच्या. नजर हलत नाही. मशीन, अंगठा, दिवा, बस. रंग राखाडी. दोनदा लाल ठिपका. नवव्या चौकटीत हिरवा.

यावरून आमचं भांडण झालं. मला तो हिरवा दिवा पान उलटल्यावर हवा होता. पान उलटणं म्हणजे पडदा उघडण्यासारखं असतं, उजव्या पानाच्या शेवटी वाचकाला लटकवायचं आणि मागे उत्तर द्यायचं, हा या धंद्यातला जुना डाव. ती म्हणाली, "दादा, सस्पेन्स कशाला? म्हातारा अंगठा देणार हे सगळ्यांना माहितीच आहे." आणि ती बरोबर होती. अथेन्सच्या प्रेक्षकालाही बापाला मारणाऱ्या ईडिपस राजाची गोष्ट माहीत होती. कोण मारणार, कधी मारणार हे रहस्यकथेचं काम. इथे माहीत असून बघत राहायचं असतं. हिरवा ठिपका पानावरच राहिला. डोळा आधी तिथेच जातो आणि मग मुद्दाम वर येऊन पहिल्या चौकटीपासून सुरुवात करतो.

दोन चौकटींच्या मधली कोरी पट्टी, तिला गटर म्हणतात. नाव कसंही असो, गोष्ट तिथेच घडते. दुसरा लाल दिवा आणि तिसऱ्यांदा पुढे आलेला हात, यांच्यात जी पट्टी आहे तिथे वाचक मनातल्या मनात म्हणतो, आता घरी चला बाबा. आम्ही ते लिहिलेलं नाही. ग्रीक नाटकात मारामारी, मरण बहुतेक पडद्याआड होई आणि दूत येऊन सांगे. पानावर तो पडदा म्हणजे ही पट्टी.

शब्दांचंही उलटं होतं. शेक्सपिअरच्या रंगमंचावर नेपथ्य जवळजवळ नव्हतं, त्यामुळे वादळ, जंगल, रात्र सगळं नटाच्या तोंडून उभं राहायचं. चित्रात पाऊस काढलाच आहे तर म्हाताऱ्याने पावसाचं वर्णन कशाला करावं? फुग्यात वीस-पंचवीस शब्दांच्या वर गेलं की माझ्या डोळ्यादेखत चित्र गुदमरतं. स्वगतं सगळी गेली. दुखलं, पण गेली.

त्या बदल्यात चपला मिळाल्या. मूळ नाटकात लिअर स्वतःसाठी शंभर सरदार ठेवून घेतो, आणि मुली घासाघीस करतात: पन्नास पुरे, मग पंचवीस, मग दहा तरी कशाला, पाच तरी कशाला, आणि मधली म्हणते, एक तरी कशाला हवा? लेकींनी बापाचा केलेला लिलावच तो. आमच्या म्हाताऱ्याला सरदार नाहीत, भजनी मंडळ आहे. दर एकादशीला सोळा जण हॉलमध्ये बसतात, टाळ, पखवाज, रात्री अकरापर्यंत. थोरल्याकडे सोसायटीची नोटीस येते. धाकट्याकडे गेटवरच्या ॲपवर एवढे पाहुणे मंजूर करायला सूनबाईंना वेळ नसतो. हे सगळं बोलून दाखवलं असतं तर चार पानांची किरकिर झाली असती. आम्ही फक्त दाराबाहेरच्या चपला काढल्या. सोळा जोड. पुढच्या एकादशीला आठ. मग चार, त्यातला एक जोड पावसाने ओला. मग दाराबाहेर एकट्या म्हाताऱ्याच्या वहाणा, आणि आतून सुनेचा आवाज, "बाबा, मोबाईलवर लावून देऊ का भजन?"

वादळाच्या बाबतीत मोह झाला होता. मुंबईकराला वादळ म्हटलं की २६ जुलै २००५ आठवतो, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर. पण तो पाऊस घेतला की दोष पावसाचा होतो. त्या रात्री सगळेच रस्त्यावर होते. आम्ही जुलैतली साधी संध्याकाळ घेतली. पाम बीच रोडवर गाड्यांचे वायपर नेहमीसारखे चाललेत, सिग्नलला गर्दी, आणि दुभाजकालगत एक म्हातारा खाडीकडे तोंड करून उभा. कोणाचंच काही बिघडलेलं नाही, त्याचं सोडून. दुसरीकडे तिवरांत पाणी चढतंय. पलीकडे कुठेतरी त्याचं शेत होतं.

विदूषक आम्ही टॉवरच्या वॉचमनला केलं. कोण कधी आलं, कोण कोणाशी बोलत नाही, सगळं त्याच्या वहीत. मूळ नाटकात विदूषक तिसऱ्या अंकानंतर अचानक नाहीसा होतो, आणि अभ्यासक चारशे वर्षं डोकं खाजवतायत. इथे ते कोडं उरलंच नाही: एजन्सी बदलली. मूळ नाटकातला दुसरा म्हातारा ग्लॉस्टर आणि त्याच्या दोन मुलांचं उपकथानक मी गाळलं. दोन म्हातारे एका पुस्तकात झेपत नाहीत.

भाषा अजून सुटलेली नाही. म्हातारा आगरी बोलायला हवा, मुलं घरात आगरी आणि लिफ्टमध्ये पुस्तकी मराठी, सून तिच्या माहेरची. मी लिहिलेली आगरी वाचून ती चित्रकार मुलगी इतकी हसली की तो कागद मी फाडला. आता फुगे रिकामे ठेवून पानं तिच्या आजीकडे जातात. आजी एकेक वाक्य बोलते, नात लिहून घेते. परवा आजीने विचारलं, या म्हाताऱ्याची बायको कुठे गेली? शिरवाडकरांनाही हाच प्रश्न पडला असणार.

शेवटावर एकमत नाही. १६८१ मध्ये नेहम टेट नावाच्या माणसाने लिअरचा शेवट गोड करून टाकला, कॉर्डेलियाला जगवलं, तिचं लग्नही लावून दिलं, आणि पुढे दीडशे वर्षं रंगमंचावर लोक तेच बघत राहिले. म्हणून कोणी "शेवटी कोर्टात जिंकू दे ना त्यांना" म्हटलं की मी हसत नाही. त्या मागणीला मोठी परंपरा आहे. शिवाय अट लिहिलेली नसताना काय धरायचं, यावर वरच्या कोर्टांतही वाद झालेत. म्हातारा जिंकूही शकतो. आमच्या मसुद्यात लेकच अर्ज करते, वर्षभर ठाण्याला खेपा घालते, आणि आदेश बापाच्या बाजूने लागतो. मूळ नाटकात कॉर्डेलियाला वाचवण्याचा हुकूम सुटतो, पण पोचायला उशीर होतो. इथे स्पीड पोस्टाचा लिफाफा लेकीच्या दाराशी आलाय आणि आत तिच्या फोटोला हार आहे. ती कशाने गेली ते अजून ठरलेलं नाही. मी खेपांमधला अपघात म्हणतोय. चित्रकार म्हणते अपघात नको, मग ती बातमी होईल. दुखणं दाखवू, जे ती खेपांच्या नादात अंगावर काढत राहिली.

पोस्टमन म्हाताऱ्यापुढे मोबाईल धरतो, पडद्यावर बोटाने सही करायला. म्हातारा सवयीने आधी अंगठा धोतराला पुसतो. हे पान तिने काल रात्री पाठवलं, अजून पेन्सिलमध्ये आहे.